बाबांचा लॅपटॉप कोरा करायचाय: विंडोजच परत टाकू की लिनक्स?

खिडकीतली_सीट | रविवार, सकाळी १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. बाबांचा लॅपटॉप २०१२ चा आहे. आय३ प्रोसेसर, तिसरी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं. २०१६ मध्ये फुकट अपग्रेडची मुदत संपत आली तेव्हा मीच घाईघाईत १० टाकून दिलं. हल्ली बाबा बटण दाबून आंघोळीला जातात. आंघोळ, पूजा, चहा उरकून येतात तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो. मग वर्ड उघडायचं म्हणजे आणखी एक चहा.

बाबा भांडुपला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, सतरा वर्षं. (दुसरं कोणी उभंच राहत नाही.) नोटिसा, मेंटेनन्सची बिलं, सभांची इतिवृत्तं, सगळा कारभार ह्याच डब्यात. नवीन घेऊन देतो म्हटलं तर "ह्याला काय धाड भरलीय?"

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्याच्यावर अधिकृतपणे बसत नाही. मग १० च परत कोरं करून टाकू, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकू, की भंगारवाल्याला हाक मारू? बाबांचं वय ७१. वर्ड, एक्सेल, प्रिंट, पेपर वाचणं, संपलं. मी हे काम आयुष्यात एकदाच केलंय, तेही मित्र शेजारी उभा असताना.

रिकामटेकडा | रविवार, १०:१५

भंगारवाला. पुढचा प्रश्न?

अर्धाचहा | रविवार, १०:३१

लॅपटॉप सुरू होईपर्यंत पूजा होतेय ना? मग वेग वाढवून घरातला धर्म कशाला बुडवताय? (कृपया हलकं घ्या)

स्क्रूड्रायव्हर | रविवार, १०:५८

ओएस (म्हणजे विंडोज की लिनक्स) नंतर बघू. खाली ती डिस्क आहे तोवर काहीही टाका, चहा होणारच.

अशा डिस्का साधारण मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारतात. हवा तो तुकडा खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे साडेपाच मिलीसेकंद. वाचणारं डोकं सरकायला लागतो तो वेळ वेगळा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून उचलल्या जातात आणि दर वेळी हीच वारी. एसएसडी म्हणजे चिपवाली डिस्क, तीत फिरणारं काहीच नसतं, तेच काम मिलीसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकतं. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या, बाबांना आयुष्यभर पुरेल. एम.२ वाली पातळ पट्टी घेऊन येऊ नका, २०१२ च्या लॅपटॉपात तिला जागाच नसणार.

रॅम ८ करा. बसलेल्या पट्टीवरचं लेबल वाचा: डीडीआर३ म्हणजे १.५ व्होल्ट, डीडीआर३एल म्हणजे १.३५. एल वाली सहसा दोन्हीकडे चालते, साधी मात्र एल मागणाऱ्या मशीनमध्ये चालत नाही. दुकानात दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

आणि जुनी डिस्क फॉरमॅट करूच नका. ती काढायची, यूएसबीच्या केसमध्ये घालायची, वर तारीख लिहायची, कपाटात ठेवायची. नवी ओएस नव्या डिस्कवर. काही चुकलं तर जुनी परत बसवा, बाबांचा कारभार होता तसा चालू. स्क्रू काढाल तसे अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवत जा.

चाळकरी | रविवार, ११:२०

स्क्रूड्रायव्हर ह्यांना +१. पण आज रविवार आहे हो, लगेच शर्ट घालून निघू नका. लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटरबाजार रविवारी बहुतेक बंद असतो.

जाता जाता, त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, आणि अजून रिक्षावाल्यापासून आयटीवाल्यापर्यंत सगळे त्याचंच नाव घेतात.

फाटक_बंद | रविवार, ११:२४

ग्रँट रोडला रिक्षा कुठून आली, चाळकरी? टॅक्सी म्हणा. दक्षिण मुंबईकरांच्या भावना दुखावल्या जातात.

चाळकरी | रविवार, ११:२६

मान्य. टॅक्सीवाल्यापासून. मी आता बदलापूरकर, सवय राहिली नाही.

आठ_पन्नासची_फास्ट | रविवार, ११:५२

माझी गोष्ट सांगतो, हसू नका. तीन वर्षांपूर्वी मेव्हण्याचा लॅपटॉप घेतला. सगळा डेटा आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढला, शहाणपणाचं काम. मग पेनड्राइव्ह लावून विंडोज टाकायला बसलो. "कुठे टाकायचं" ह्या पानावर दोन नावं दिसतात, ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह १. बाहेरची डिस्क मी तशीच लावून ठेवली होती. रात्रीचा दीड. ड्राइव्ह १ चे सगळे तुकडे एकेक करून डिलीट केले, मोकळी जागा निवडली, नेक्स्ट. इन्स्टॉलर म्हणाला, यूएसबीवर टाकता येत नाही. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

त्यात मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ होते. आणि मूळ लॅपटॉपवरून ते मी "जागा व्हावी म्हणून" तासाभरापूर्वीच उडवले होते.

एक गोष्ट बरी केली: त्या क्षणी वायर काढली, वर काहीही लिहू दिलं नाही. नुसते पार्टिशन (डिस्कचे ते तुकडे) उडाले असतील तर आतला माल जागेवर असतो, फक्त नकाशा गेलेला असतो. टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने नकाशा परत बांधला. दोन रात्री गेल्या. मेव्हण्याला आजतागायत माहीत नाही. तो इथे नाही ह्या भरवशावर लिहितोय.

सांगायचं काय, इन्स्टॉल सुरू करण्याआधी बाहेरचं सगळं उपटा.

मेव्हणा_नं_१ | रविवार, ११:५८

कोण म्हणालं इथे नाही?

आठ_पन्नासची_फास्ट | रविवार, १२:०१

घाबरवू नका राव. हा आयडी आजच काढलेला दिसतोय.

सुलभा_मुलुंड | रविवार, दुपारी १२:४०

मी अकाउंट्सवाली आहे म्हणून दोन प्रश्न विचारते. बाबा टॅली वापरतात का? आणि डिजिटल सहीचं टोकन, ती पेनड्राइव्हसारखी डोंगल, लावतात का? दोन्हीपैकी एक जरी असेल तर विंडोजच ठेवा. टॅली विंडोजसाठीच आहे, आणि टोकन लिनक्सवर चालवायला जाल तर ड्रायव्हर शोधण्यात रविवार जाईल.

विंडोज १० परत टाकायचं असेल तर लायसन्सची काळजी नको. ७ वरून फुकट अपग्रेड केलं होतं ना, ते लायसन्स त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी तेच १० टाका, लायसन्सची की विचारली तर "माझ्याकडे नाही" म्हणा, नेटला जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. आमच्या ऑफिसात दोन मशीनवर असंच झालं. आणि सुरक्षेचे अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसेही पडत नाहीत. त्यासाठी १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, हवी.

जुगाडू | रविवार, १२:५५

११ पण बसतं हो. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (ओळखीचीच ओएस सुरू होऊ देणारी सोय) ह्यांची अट गाळायची टिक येते. माझ्याकडे दुसऱ्या पिढीच्या आय५ वर चालू आहे.

स्क्रूड्रायव्हर | रविवार, १:१०

बसतं, मी पण बसवलंय. पण ११ ची अट साधारण आठव्या पिढीपासून पुढची आहे. तिसऱ्या पिढीवर बसवलं तर पुढचे अपडेट येतील ह्याची हमी कंपनी घेत नाही. स्वतःच्या मशीनवर खुशाल करा. सेक्रेटरीच्या मशीनवर नको, बिलं निघायच्या आदल्या दिवशी फोन तुम्हालाच येईल.

टक्स_गिरगाव | रविवार, १:३३

एवढा वेळ दम धरला. आता बोलतो.

लिनक्सचा मिंट हा प्रकार, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबीत सुखाने राहते, ८ केलीत तर लोळते. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, बाबांना घर बदलल्यासारखं वाटणार नाही, फारतर भिंतीचा रंग बदललाय असं वाटेल. टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, सगळं आधी तपासा.

अवांतर: मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. १३ होती माया, १९ तारा, २०.२ उमा. आमच्या चाळीचा पहिला मजला. २२ ची विल्मा मात्र वांद्र्याची.

अर्धाचहा | रविवार, १:४०

"बाबा, तुमच्या लॅपटॉपमध्ये आता विल्मा आहे." आईसमोर सांगा आणि काय होतं ते इथे लिहा.

रिकामटेकडा | रविवार, १:४१

भंगारवाला अजून खाली उभा आहे.

सुलभा_मुलुंड | रविवार, १:५९

लिनक्सवाल्यांचं एक कळत नाही. सोपं असतं म्हणतात आणि तिसऱ्या प्रतिसादात काळी खिडकी उघडायला सांगतात. ७१ वर्षांच्या माणसाने आज्ञा टंकायच्या का?

टक्स_गिरगाव | रविवार, २:०६

आज्ञा मुलगा टंकेल, एकदाच. बाबांना काळी खिडकी दिसणारसुद्धा नाही. माझी आई ६८ वर्षांची, चार वर्षं मिंट वापरतेय. तिला ते "ते हिरवं" म्हणून माहीत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिबरऑफिसवरचे (लिनक्सवरचं वर्ड-एक्सेल म्हणा) धडे मराठीत आहेत, ते लावून दिले होते. दोन बघितले, मग म्हणाली, "हे मला येतंय, तू जा."

खिडकीतली_सीट | रविवार, सायं. ६:१५

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. टॅली नाही, टोकन नाही. एसएसडी पक्की. जुनी डिस्क कपाटात ठेवायची कल्पना बाबांनाही आवडली, "म्हणजे काही गेलं तर तुझा कान धरता येईल" म्हणाले.

एक नवीन भानगड निघाली. सहज पाच-सहा फायली माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या. मराठीचा पत्ता नाही! सगळी इंग्रजी अक्षरं, मध्येच टिंबवाली, मध्येच स्वल्पविराम. बाबांना विचारलं तर म्हणाले, "शिवाजी फाँट आहे तो." २००९ पासूनचे सगळे कागद त्यातच आहेत, हजारेक तरी. आधीच्या डेस्कटॉपवरून आलेत. आता?

ऱ्हस्वदीर्घ | रविवार, ६:५०

माझ्या नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. दादरला बारा वर्षं डीटीपी केलंय, लग्नपत्रिकांपासून कार्य अहवालांपर्यंत.

घाबरू नका, फायली शाबूत आहेत. जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, वर फक्त मराठी चित्रं चिकटवलेली. फाँट असेल तिथे मराठी दिसतं, नसेल तिथे पोतडी सुटते. बाबांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या फोल्डरमध्ये फाँट्स म्हणून फोल्डर आहे, त्यातून शिवाजीच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. हे काम आज करा, एसएसडी आणण्याआधी. माणसं डेटा घेतात आणि फाँट विसरतात, मग मला फोन करतात. लिनक्समध्ये त्या फायलीवर दोनदा टिचकी मारली की इन्स्टॉलचं बटण येतं, पुढे लिबरऑफिसमध्ये कागद जसाच्या तसा.

पण नवीन कागद तरी युनिकोडमध्ये (तिथे मराठी अक्षरांना स्वतःचे नंबर असतात) करा असं बाबांना सांगा. कारण जुन्या फाँटातला मजकूर शोधता येत नाही. "पाणी" शोधा म्हटलं तर मशीनला ते पाणी वाटतच नाही. व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही. बाबा नोटिशीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात ना?

खिडकीतली_सीट | रविवार, ६:५४

तुम्ही आमच्या ग्रुपवर आहात का? हो, स्क्रीनचा फोटो. तोही तिरका.

ऱ्हस्वदीर्घ | रविवार, ७:१२

:) सगळे सेक्रेटरी तेच करतात.

जुने कागद बदलायचे असतील तर कन्व्हर्टर मिळतात, पण आंधळा विश्वास नको. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. रफाराचं उलटं: दिसतो शेवटी, साठवायचा आधी. कन्व्हर्टर ही उलटापालट बहुतेक वेळा नीट करतो, जोडाक्षर मोठं आलं की धडपडतो. आणि सोसायटीच्या कागदात हमखास येणारा शब्द म्हणजे "पायऱ्या". त्याचा हमखास "पायर्या" होतो. मी एका अहवालात "पायर्यांची दुरुस्ती" छापून आलेली बघितलीय, अध्यक्षांच्या सहीसकट.

फाटक_बंद | रविवार, ७:३०

वाचनखूण साठवली आहे. लॅपटॉप नाहीये माझ्याकडे, पण वाचायला मजा येतेय.

सांताक्रूझची_सून | रविवार, रात्री ९:०५

विषय निघालाच आहे तर: नवीन लॅपटॉपवाल्यांनो, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घालण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) बघा. माझ्या नणंदेचा लॅपटॉप, सिक्युअर बूट बंद केलं, दुसऱ्या क्षणी निळा पडदा आणि ४८ आकड्यांची की मागायला लागला. तिला बिटलॉकर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, लॅपटॉपनेच परस्पर चालू केलेलं. की तिच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती, आणि ते खातं कॉलेजच्या ईमेलने काढलेलं, कॉलेज सुटून पाच वर्षं. शेवटी एका जुन्या फोनवर ते खातं लॉगिन राहिलेलं सापडलं. त्या दिवशी मी सासरी गणपतीला पाण्यात ठेवायचं बाकी ठेवलं होतं.

बाबांच्या २०१२ च्या मशीनला ही भीती नाही म्हणा.

चाळकरी | रविवार, ९:२२

त्याला दुसरी भीती आहे. तेरा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे आतली छोटी बॅटरी गेलेली असू शकते. बहुधा सीआर२०३२ च असते, घड्याळवाल्याकडे मिळणारी, फक्त काही लॅपटॉपात तिला वायर लावलेली असते. ती गेली की तारीख मागे जाते आणि एकही वेबसाइट उघडत नाही, "सुरक्षित नाही" म्हणते, कारण मशीनच्या मते प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. माझा भाऊ ह्यापायी दोनदा फॉरमॅट मारून बसला. दुकानदाराने तिसऱ्यांदा मारून दिलं आणि पैसे घेतले. तारीख कोणी बघितलीच नाही.

खिडकीतली_सीट | शनिवार, रात्री ११:४०

झालं. म्हणजे ९० टक्के झालं. सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

सकाळी लॅमिंग्टन रोड. एसएसडी नवी घेतली, रॅमची पट्टी वापरलेली, लेबल तीनदा वाचून. डिस्कची केसही घेतली. पहिल्या दुकानात म्हणाले "विंडोज टाकून देतो, ॲक्टिव्हेटेड, ऑफिससकट, अर्ध्या तासात." कसलं ॲक्टिव्हेटेड ते विचारलं तर हसले. नमस्कार करून निघालो.

घरी टेबलावर चादर पसरून लॅपटॉप उलटा केला. अंड्यांची ट्रे आईने दिली. खालचं झाकण उघडलं आणि आत पंख्याच्या जाळीवर राखाडी नमदा बसलेला, बोटाने सोलला तर अख्खा निघाला. वास घेतला तर उदबत्तीचा. लॅपटॉप देवघराशेजारच्या टेबलावर असतो, तेरा वर्षांची उदबत्ती आत ओढलेली. ब्रशने साफ केलं. पंख्याची घरघर निम्मी तिथेच गेली. अर्धाचहा, तुमचा धर्म सापडला.

डिस्कच्या ट्रेचा चौथा स्क्रू झिजलेला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाखाली रबरबँड दाबून फिरवला, सुटला.

मग मिंटचा पेनड्राइव्ह. एफ१२ दाबून दाबून बोट दुखलं, पेनड्राइव्ह दिसेना. शेवटी एफ२ ने बायोसमध्ये गेलो. तिथली तारीख १ जानेवारी २०१२! चाळकरी, दंडवत. बॅटरी उद्या आणतो, तूर्त तारीख हाताने घातली. बूटच्या पानावर यूएसबी बंद होतं, ते चालू केलं.

पुढे वीसएक मिनिटांत इन्स्टॉल. वायफाय मात्र लागेना. मोबाइल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, लगेच नेट आलं, आणि ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर स्वतःच सुचवला. काळी खिडकी एकदाही उघडली नाही, सुलभाताई.

शिवाजी फाँट टाकला. २०११ ची "पाण्याची टाकी साफ करण्याबाबत" नोटीस उघडली. जशीच्या तशी. प्रिंटरही सापडला. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप: मोबाइलवर मोजले, २६ सेकंद.

अर्धाचहा | शनिवार, ११:४८

आणि विल्मा?

खिडकीतली_सीट | शनिवार, ११:५१

आई म्हणाली, "कोणी का असेना, बिलं वेळेवर निघू देत."

टक्स_गिरगाव | रविवार, सकाळी ८:१०

डोळे पाणावले. उरलेले १० टक्के काय?

खिडकीतली_सीट | रविवार, ९:०३

बिलाची एक्सेल फाइल. उघडते, बेरजा बरोबर. पण "अक्षरी रुपये" ह्या रकान्यात एरर. त्यात मॅक्रो आहे, आकडा दिला की मराठीत शब्द लिहिणारा. बी विंगमधल्या एका मुलाने २०१४ मध्ये लिहून दिलेला. तो आता कॅनडात, म्हणतो "काका, मला आठवत नाही." लिबरऑफिसमध्ये तो चालत नाही. बाबांचं म्हणणं, अक्षरी रक्कम नसेल तर ते बिलच नाही. ६४ फ्लॅट आहेत, हाताने लिहिणार का?

सुलभा_मुलुंड | रविवार, ९:२०

मी काही बोलत नाहीये. फक्त खुर्ची पुढे ओढून बसलेय.

जुगाडू | रविवार, ९:२८

इंग्रजीसाठी तयार मॅक्रो ढिगाने मिळतात. त्यातलाच उचलून शब्द बदला.

ऱ्हस्वदीर्घ | रविवार, ९:५५

जुगाडूभाऊ, ते इंग्रजीत जमतं. तिथे वीसनंतर एकच चाल: दशकाचा शब्द, एककाचा शब्द, झालं. मराठीत त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. तीन तोच, पण दर वेळी वेगळा. आणि एकोणऐंशीला ऐंशीची चाहूल आधीच लागलेली. ९९ शब्द ९९ वेळा लिहावे लागतात, सूत्र नाही.

म्हणून मॅक्रोचा नाद सोडा. दुसऱ्या पानावर दोन रकाने करा, एकात १ ते ९९, शेजारी शब्द. मग रकमेचे तीन तुकडे: हजार, शेकडा, उरलेले दोन अंक. इंट (भागाकाराचा पूर्णांक) आणि मॉड (बाकी) ह्या सूत्रांनी निघतात. प्रत्येक तुकड्याचा शब्द व्हीलुकअपने त्या तक्त्यातून आणा, मध्ये "हजार" आणि "शे" जोडा. तुकडा शून्य असेल तर इफ लावून गाळा, आणि शतक नुसतं एक असेल तर "एकशे", बरोबर १०० उरत असतील तर "शंभर", एवढे अपवाद सांभाळा. मॅक्रो नाही, म्हणून एक्सेलमध्येही चालेल आणि लिबरऑफिसमध्येही. तक्ता मात्र युनिकोडमध्ये टंका, तेवढीच बाबांना सवय.

चाळकरी | रविवार, १०:०४

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणायची सोय केली तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा गदारोळ केला होता. तेव्हा ऐकलं असतं तर आज सूत्र एका ओळीत बसलं असतं.

फाटक_बंद | रविवार, १०:०६

नका. नका काढू तो विषय. मागच्या वेळी त्यावर दोन आयडी उडाले.

स्क्रूड्रायव्हर | रविवार, १०:४०

तक्त्याची कल्पना मस्त. मीपण वापरणार, आमच्या सोसायटीत इंग्रजीत लिहितात आणि निम्म्या लोकांना फॉर्टीचं स्पेलिंग येत नाही.

खिडकीतली_सीट | रविवार, दुपारी ४:३२

सूत्र जमलं! ३,४७९ घातले, "तीन हजार चारशे" आलं आणि पुढे रिकामं, कारण तक्ता अजून अर्धाच आहे. मी भराभर टंकायला बसलो होतो. बाबा मागे उभे. चव्वेचाळीसला "चव्वेचाळीस की चवेचाळीस" ह्यावरून अडलो, छेचाळीस लिहिलं तेव्हा "शेहेचाळीस लिही, आपल्याकडे तसंच म्हणतात" आणि पुढच्या शब्दाला मला खुर्चीतून उठवलं. म्हणाले, "तू चुका करतोयस, सोसायटीच्या बिलावर माझी सही असते."

एका बोटाने टंकतायत, युनिकोडमध्ये. प्रत्येक शब्द झाला की मोठ्याने वाचून बघतात. आत्ता त्रेसष्टवर आहेत.